ताप उतरला, मग चौदा दिवस गोळ्या कशाला?

आमच्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर बंदीच्या आधी साफसफाई चालली होती. केबिनच्या फळीवर एक जुना बिस्किटाचा डबा सापडला. आत आगकाडी, एक ब्लेड, मोबाईलचं तुटकं चार्जर आणि गोळ्यांची एक पट्टी. तिच्यातल्या चारच गोळ्या गेलेल्या, बाकीच्या तशाच. ज्याच्या त्या गोळ्या, तो ओडिशाचा खलाशी नोव्हेंबरात मलेरियाने आजारी पडला होता. जेटीवर रक्त तपासलं, औषध मिळालं, तिसऱ्या दिवशी ताप गेला, पाचव्या दिवशी तो बोटीवर. फेब्रुवारीत बोट दोन दिवसांच्या अंतरावर असताना त्याला पुन्हा तसाच हुडहुडी भरून ताप आला. बोट अर्ध्या फेरीतून परत आणावी लागली. डिझेल गेलं, बर्फ गेला, मासळी अर्धीच आली. शेटने गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बुखार तो उतर गया था, शेट." बाजूला उभा असलेला आमचा म्हातारा तांडेलही त्याचीच री ओढत म्हणाला, "ताप गेलो न्ही, मागीर गुळयो कित्याक?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आजवर त्याला कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. पूर्ण कोर्स घ्या, असं सगळे सांगतात, पण का ते कोणी सांगत नाही. आणि का ते कळल्याशिवाय माणूस गोळी गिळत नाही, हे आम्ही जेटीवर रोज पाहतो. म्हणून या वेळी आम्ही मलेरियाच्या जंतूबद्दलच लिहायचं ठरवलं: तो काय खातो, कुठे राहतो आणि कुठे लपतो.

हा जंतू बॅक्टेरिया नाही, व्हायरसही नाही. एका पेशीचा जीव आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या एका पेशीत पोट आहे, इंजिन आहे, बीज आहे. त्याचं गणगोत समुद्रातलं आहे हे वाचून आम्हालाही नवल वाटलं. रात्री जाळं ओढताना पाणी ढवळलं की निळसर उजेड पेटतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो उजेड देणारे एकपेशी जीव आणि मलेरियाचा जंतू हे एकाच मोठ्या घराण्याच्या दोन शाखा. २००८ मध्ये तर शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरातल्या प्रवाळातून मिळालेल्या एका जीवाची माहिती प्रसिद्ध केली. तो उन्हावर अन्न बनवतो आणि मलेरियाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद आहे. मलेरियाच्या जंतूच्या पोटातही आजवर एक छोटी पिशवी उरली आहे, एके काळी गिळलेल्या लाल शेवाळाची. आता ती ऊन वापरत नाही, हिरवीही नाही, पण तिच्यात बनणाऱ्या काही रसायनांशिवाय जंतू जगत नाही. डॉक्सिसायक्लिन नावाचं औषध ह्याच पिशवीवर घाव घालतं. गंमत म्हणजे जंतू लगेच मरत नाही, त्याची पुढची पिढी मरते. त्यामुळे ते औषध हळू काम करतं.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती महत्त्वाच्या: व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. रिपोर्टवर पीव्ही किंवा पीएफ असं लिहिलेलं असतं, ते हेच. कोणती आहे ते जरूर बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अ‍ॅनोफेलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून थोडेसेच जंतू अंगात शिरतात, बहुधा काही डझन. ते रक्तात रेंगाळत नाहीत. तासाभरात यकृतात पोचतात आणि एकेका पेशीत घुसून बसतात. तिथे आठवडाभर काहीच कळत नाही. ना ताप, ना दुखणं. पण एका जंतूचे हजारो झालेले असतात. मग यकृताची पेशी फुटते आणि ते सगळे रक्तात उतरतात. म्हणून आज चावलेल्या डासाचा ताप उद्या येत नाही. व्हायव्हॅक्सला साधारण बारा ते सतरा दिवस लागतात. बोट बंदरात असताना घेतलेला मलेरिया पुढच्या फेरीत, भर समुद्रात उगवतो तो ह्यामुळे. खोल समुद्रात डास नसतो हे खरंच, पण जंतू खलाशाच्या यकृतात बसून बोटीवर चढलेला असतो.

रक्तात उतरल्यावर तो तांबड्या पेशीत शिरतो. इथे थोडं थांबून पाहू, कारण तो खातो कसा हे कळलं की औषधाचं कामही कळतं.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवी. हिमोग्लोबिन आपल्याला प्राणवायू पोचवतं. जंतूला त्यातलं प्रथिन हवं असतं. तो पेशीच्या आतलं हिमोग्लोबिन घोट-घोट गिळतो आणि आपल्या पोटात, आम्लाने भरलेल्या एका पिशवीत, पचवतो. पेशीतलं साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंत हिमोग्लोबिन तो संपवतो. पण त्यातून एक अडचण उभी राहते. प्रथिन खाल्लं की मागे उरतं हीम, म्हणजे लोखंड असलेला भाग. सुटं हीम जंतूला विष आहे. त्याला ते बाहेर टाकता येत नाही आणि पचतही नाही. मासळी साफ करताना पोटाची घाण बर्फाच्या खणातच साठत गेली आणि खणाला तळाला भोकच नसलं तर काय होईल, तशी त्याची गत. मग तो एक युक्ती करतो. हीमचे तुकडे एकमेकांना जोडून त्याचे घट्ट, काळपट स्फटिक बनवतो. स्फटिक झालं की विष निष्प्रभ. १८८० मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर लावेरान यांनी अल्जीरियात, तापाच्या रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांसकट जंतू पाहिला, ते ठिपके म्हणजे हाच जंतूच्या जेवणाचा कचरा.

क्लोरोक्वीन नेमकं इथे काम करतं. ते आम्लाकडे ओढलं जातं, त्यामुळे जंतूच्या त्या पोटात भरपूर साठतं आणि स्फटिक बनू देत नाही. सुटं हीम वाढत जातं आणि जंतू आपल्याच कचऱ्याने मरतो. आर्टिमिसिनिन हे दुसरं औषध त्याहून वेगळं. त्याच्या रेणूत एक नाजूक जोड आहे. हीममधल्या लोखंडाशी गाठ पडली की तो जोड तुटतो आणि औषध पेटून जंतूच्या अंगातल्या प्रथिनांना जाळत सुटतं. जिथे हीम नाही तिथे ते तितकंसं पेटत नाही. चीनच्या तू योयो यांना ह्या औषधाच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं.

ही दोन्ही औषधं जंतू हिमोग्लोबिन खात असतो तेव्हाच चालतात, म्हणजे तो तांबड्या पेशीत असतो तेव्हा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं त्याचं खाणं म्हणजे साखर. जंतूकडे साखरेचा साठा ठेवायला कोठार नाही. म्हणून रक्तातून सतत ओढत राहतो, आणि मोठा झालेला जंतू असलेली पेशी साध्या तांबड्या पेशीच्या शंभर पटीपर्यंत साखर खाते. तीसुद्धा तो पुरी जाळत नाही, अर्धवट जाळतो. अर्धवट जळलेल्या डिझेलचा जसा काळा धूर, तसं साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि ते रुग्णाच्या रक्तात येतं. जंतू थोडे असतील तर शरीर ते धुऊन टाकतं. फार झाले तर साखर उतरते आणि आम्ल चढतं. गंभीर मलेरियात माणूस जोरजोरात खोल श्वास घेताना दिसतो, त्याचं एक कारण हे आम्ल. लहान मुलांत साखर फार लवकर उतरते. तापात पोर गुंगीत गेलं तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

आता ताप. जंतू पेशीत वाढतो, त्याचे दहा-वीस तुकडे होतात आणि पेशी फुटते. तुकडे नवीन पेशींत शिरतात. सगळा फेरा अठ्ठेचाळीस तासांचा. फुटलेल्या पेशींतून तो काळा स्फटिकांचा कचरा आणि जंतूच्या अंगावरचे पदार्थ रक्तात पसरतात. आपल्या पांढऱ्या पेशी ते पाहून खवळतात आणि जी रसायनं सोडतात त्यांनी थंडी भरते, ताप चढतो. म्हणजे ताप जंतूच्या खाण्याने येत नाही, हजारो-लाखो पेशी एकदम फुटल्याने येतो. व्हायव्हॅक्समध्ये सगळे एका लयीत फुटू लागले की एक दिवसाआड ताप येतो. मधल्या दिवशी माणूस उठून जाळी शिवायला बसतो आणि म्हणतो, बरं वाटतंय. त्या दिवशी जंतू पेशीत बसून शांतपणे जेवत असतो.

व्हायव्हॅक्स मुख्यतः नुकत्या तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो. त्या रक्तात थोड्याच असतात, म्हणून त्याची संख्या फार वाढत नाही. माणूस पिळून निघतो, पण सहसा वाचतो. फाल्सिपेरमला पेशीच्या वयाचं काही नाही. कोवळी, जून, सगळ्या चालतात. त्यामुळे त्याची संख्या बेसुमार वाढू शकते.

त्यात फाल्सिपेरमची एक वाईट खोड आहे. पानथरी म्हणजे रक्ताची चाळण. बिघडलेल्या, ताठर तांबड्या पेशी ती बाजूला काढून नष्ट करते. ती टाळण्यासाठी फाल्सिपेरम पेशीच्या बाहेर गाठीगाठी उठवतो आणि त्यांवर चिकट प्रथिन लावतो. कालव जसं खडकाला चिकटतं तशी ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते. पानथरीकडे जातच नाही. अशा पेशी साचत गेल्या की मेंदूत, मूत्रपिंडात, गरोदर बाईच्या वारेत रक्त अडतं. ह्या चिकट प्रथिनाचे त्याच्याकडे सुमारे साठ नमुने असतात. आपल्या शरीराने एक ओळखला की तो दुसरा चढवतो. गरोदरपणात वारेला चिकटणारा नमुना वेगळाच असतो, म्हणून आधी अनेकदा मलेरिया होऊन अंगात थोडी ताकद आलेली बाईसुद्धा पहिल्या गरोदरपणात जोरात आजारी पडू शकते. घरच्या बायकांनी हे वाचावं, आणि पुरुषांनी तर वाचावंच.

पीएफ असेल तर उशीर चालत नाही. बोटीवर कुणाला तापात असंबद्ध बोलणं सुरू झालं, झोपेतून उठवलं तरी उठेना, डोळे पिवळे, लघवी काळपट किंवा फार कमी, श्वास धापा टाकल्यासारखा, असं काहीही दिसलं तर जाळं आत घ्या आणि बंदराकडे वळा. फेरीचा हिशेब नंतर करता येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताप उतरला, रक्त पुन्हा तपासलं तर निगेटिव्ह आलं, मग चौदा दिवस कशाला?

व्हायव्हॅक्सचे जंतू डासातून यकृतात गेले तेव्हा सगळे एकदम वाढले नाहीत. काही तिथेच लहानसे, निजून राहिले. त्यांना हिप्नोझॉइट म्हणतात, म्हणजे झोपलेले. ते रक्तात नाहीत, म्हणून रक्त तपासणीत दिसत नाहीत. हिमोग्लोबिन खात नाहीत, म्हणून हीमचा कचरा नाही, म्हणून क्लोरोक्वीनला पकडायला काही नाही. वर लक्षात ठेवा म्हटलं होतं ते ह्यासाठी. तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनने रक्तातले सगळे मरतात, ताप जातो, माणूस बरा दिसतो. यकृतातले मात्र जसेच्या तसे असतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही त्यांतला एखादा जागा होतो आणि पुन्हा हजारोंचं पीक काढतो. त्या वेळी डास चावायची गरज नसते. आमच्या सभासदाच्या खलाशाला फेब्रुवारीतला ताप समुद्रात चावलेल्या डासाने नक्कीच आला नव्हता. बाकीच्या गोळ्या डब्यात होत्या, तेव्हा नोव्हेंबरातलेच झोपलेले उठले, असं मानायला जागा आहे.

ह्या झोपलेल्यांवर चालणारी गोळी म्हणजे प्रायमाक्वीन. कोरियाच्या युद्धातून घरी परतलेल्या सैनिकांना महिन्यांनी मलेरिया उलटत होता, तेव्हा, १९५२ च्या सुमारास, तिचा वापर सुरू झाला. झोपलेला जंतू यकृताच्या पेशीत प्रत्यक्ष दिसला तो मात्र १९८० नंतर. म्हणजे शत्रू कोण ते दिसण्याआधी तीस वर्षं औषध सापडलेलं होतं. प्रायमाक्वीन गिळल्यावर तशीच काम करत नाही. आपलं यकृत तिचं रूप बदलतं आणि त्या बदललेल्या रूपाने जंतू भाजून निघतो. पण ते अंगात फार वेळ टिकत नाही, लवकर निघून जातं. झोपलेल्या जंतूवर एका दणक्याने काम होत नाही, रोज थोडा थोडा मारा करावा लागतो. म्हणून चौदा दिवस. त्या खलाशाने चार घेतल्या. त्याचं निम्मंसुद्धा काम झालं नव्हतं.

एक खबरदारी ह्याच औषधाची, आणि ती आम्ही मोठ्याने सांगतो. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जीसिक्सपीडी नावाचं एक एन्झाइम जन्मापासून कमी असतं. पुरुषांत हे जास्त आढळतं, आणि आपल्या देशातल्या काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण बरंच आहे. आपले कितीतरी खलाशी तिकडूनच येतात. अशा माणसाने प्रायमाक्वीन घेतली तर जंतू भाजण्याऐवजी त्याच्या स्वतःच्याच तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणून ही गोळी दुकानातून परस्पर आणून द्यायची नाही. डॉक्टरला विचारा, तपासणीची सोय असेल तर करून घ्या. गोळ्या सुरू असताना लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, फार धाप लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत. उपाशीपोटी घेतली तर पोट कळवळतं, आणि बरेच जण त्यामुळेच ती सोडतात. जेवून घ्या.

फाल्सिपेरम यकृतात असा निजत नाही. त्याच्यावर आर्टिमिसिनिनची जोडगोळी तीन दिवस असते आणि सोबत प्रायमाक्वीनचा एकच डोस. तो एक डोस रुग्णाला बरं करायला नसतो, शेजाऱ्याला वाचवायला असतो. रक्तात जंतूचे नर आणि मादी तयार होतात. डास रक्त पिताना त्यांनाच घेऊन जातो आणि त्याच्या पोटात पुढचा फेरा सुरू होतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटाच्या भिंतीवर हा जंतू पाहिला, तोवर मलेरिया खराब हवेने होतो अशी समजूत होती. फाल्सिपेरमचे नर-मादी उशिरा, दहा-बारा दिवसांनी तयार होतात, आणि नेहमीच्या औषधाने सगळे मरत नाहीत, म्हणून तो एक डोस. व्हायव्हॅक्सचे मात्र ताप येण्याआधीच रक्तात फिरू लागतात. माणसाला आपण आजारी आहोत हे कळायच्या आत जेटीवरचे डास त्याच्यापासून जंतू उचलून बसलेले असतात.

आता आपल्या जेटीकडे बघा. शहरातला मलेरियाचा डास, अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी, गटारात वाढत नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आपण गटार शिंपतो आणि डोक्यावरची टाकी उघडी ठेवतो. बोटीच्या कडेला टांगलेले टायर आठवा. पावसात प्रत्येकात लोटाभर पाणी राहतं. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, कोणी ते हलवत नाही. वर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलग्या, उघडे ड्रम, मासळीचे रिकामे क्रेट, ओढून ठेवलेल्या होड्यांचं पोट, सगळीकडे तेच. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक फेरी मारून पाणी ओतलं तरी पुष्कळ काम होतं. टायरला खालच्या बाजूने दोन भोकं पाडून घ्या. आम्ही आमच्या काही सभासदांच्या बोटींवर हे केलंय, ड्रिल मशीन लागते आणि एका बोटीला अर्धा तास पुरतो. पाण्याच्या टाकीला झाकण घट्ट हवं, नुसतं वर ठेवलेलं फळकूट नको.

खलाशी बंदीत गावी जातात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतात. ज्याला हंगामात पीव्ही निघाला होता त्याचं नाव तांडेलने वहीत लिहून ठेवावं, गोळ्या किती दिवस झाल्या तेही. परत आल्यावर पहिल्या फेरीआधी ताप असेल-नसेल, रक्त तपासून घ्यावं. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. चौदा दिवसांचा कोर्स चालू असताना फेरीला जावं लागलं तर गोळ्यांची पट्टी खलाशाच्या डब्यात नको, तांडेलकडे राहू दे, रात्रीच्या जेवणानंतर त्याने स्वतः हातावर ठेवावी. त्या म्हाताऱ्या तांडेलने आता तसंच सुरू केलंय. गोळी दिली की तो केबिनच्या दारावर खडूने एक रेघ मारतो.